पंप बंद झाल्यावर : वर्धा खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणी आणि पाण्याचा हिशोब

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा शक्यतो बोलल्याप्रमाणेच ठेवली आहे. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)



आजचा विषय तसा आपल्या घरचाच आहे. चंद्रपूर, घुग्गुस, राजुरा, माजरी, वणी, उमरेड या भागातल्या माणसाला खुली कोळसा खाण म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. सकाळचा सायरन, दुपारचा ब्लास्ट आणि रस्त्यावरचे डंपर हे सगळं आपण रोज पाहतो. खाण चालू असताना काय होतं, यावर पुष्कळ बोललं जातं. मी आज बोलणार आहे खाण बंद झाल्यानंतरच्या काळाबद्दल. कोळसा संपला, यंत्रं दुसरीकडे गेली, कामगारांच्या बदल्या झाल्या. मग मागे जो खड्डा आणि जे डोंगर राहतात, त्यांचं पुढच्या पन्नास वर्षांत काय होतं?

याचं उत्तर बहुतेक वेळा झाडांच्या आकड्यात दिलं जातं : इतके हेक्टर, इतकी रोपं. माझं म्हणणं असं, की झाडं मोजून खाण नीट बंद झाली की नाही ते कळत नाही. ते पाण्यावरून कळतं. पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठे बाहेर पडतं आणि जाताना सोबत काय घेऊन जातं, एवढं पाहिलं की बाकीचं आपोआप समजतं.

आधी खडक समजून घेऊ

खुल्या खाणीच्या काठावर उभं राहिलं, की समोर भिंतीवर पट्टे दिसतात. हे पट्टे म्हणजे पुस्तकाची पानंच आहेत. आपण खालून वर वाचू.

सगळ्यात खाली तालचेर थर. ओडिशातल्या तालचेर गावावरून हे नाव पडलं. साधारण तीस कोटी वर्षांपूर्वी भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला होता आणि इथे हिमनद्या होत्या. चंद्रपुरात, जिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तिथे बर्फ! पुरावा हवा असेल तर चंद्रपूरजवळच्या इरई गावी जुन्या चुनखडकावर हिमनदीने ओढत नेलेल्या दगडांचे ओरखडे आहेत. भूविज्ञानाच्या जुन्या पुस्तकांतही त्यांची नोंद आहे. आपल्या दृष्टीने तालचेरचं महत्त्व वेगळं आहे. हा बराचसा चिकट शेल, म्हणजे मातकट खडक. त्यातून पाणी सहज खाली जात नाही. म्हणजे तो हंड्याचा बूड आहे असं समजा.

त्याच्यावर बाराकर थर. बर्फ वितळलं, नद्या वाहू लागल्या, दलदली झाल्या, जंगलं वाढली आणि गाडली गेली. त्याचा कोळसा झाला. वय सुमारे २८ कोटी वर्षं. वर्धा खोऱ्यात मुख्य कोळसा याच थरात आहे. अनेक ठिकाणी तो दहा ते वीस मीटर जाडीचा एकच मोठा थर असतो, तर काही ठिकाणी फाटून त्याचे दोन-तीन थर झालेले असतात. कोळशाच्या वर-खाली वालुकाश्म आहे आणि त्यात पाणी भरलेलं असतं.

त्याच्यावर कामठी थर. हे नाव आपल्या नागपूरजवळच्या कामठीचं. पिवळसर, तांबूस, भरड वालुकाश्म आणि मधेमधे मातीचे पट्टे. हा कामठी थर म्हणजे या भागाची पाण्याची टाकी. अनेक गावांच्या विहिरी आणि बोअर यातलंच पाणी पितात. काही ठिकाणी याच्यावर लॅमेटा थर, त्यावर दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. आणि सगळ्यात वर आपली कपाशीची काळी माती.

आता लक्षात घ्या. कोळसा तळाशी आहे आणि पाण्याची टाकी त्याच्या वर आहे. कोळसा काढायचा तर ती टाकी कापावीच लागते. खाण कंपनी चांगली की वाईट हा प्रश्न इथे येत नाही, खडकांची रचनाच तशी आहे.

आणखी एक गोष्ट. हे खोरं भेगाळलेलं आहे. प्राणहिता-गोदावरीच्या बाजूने जो मोठा खचलेला पट्टा येतो, त्याचंच हे वायव्येकडचं टोक. त्यामुळे ठिकठिकाणी प्रस्तरभंग आहेत, म्हणजे खडक तुटून वर-खाली सरकलेले आहेत. यातला एखादा भंग पाणी अडवतो, तर एखादा नळासारखं वाहून नेतो. म्हणून खाणीच्या एका बाजूच्या गावाच्या विहिरी आटतात आणि दुसऱ्या बाजूच्या, तेवढ्याच अंतरावरच्या, भरलेल्या राहतात. लोकांना वाटतं कोणीतरी खोटं बोलतंय. खोटं कोणीच बोलत नसतं, जमिनीखाली मध्ये भंग असतो.

खाण चालू असताना पाणी

खाणीत पाणी दोन वाटांनी येतं. एक आकाशातून, दुसरी भिंतींतून.

आकाशाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर खड्ड्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर! आपल्याकडे वर्षाला साधारण १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. म्हणून प्रत्येक खाणीच्या तळाशी सम्प असतो, म्हणजे पाणी गोळा करायचा हौद. त्यावर मोठे पंप बसवून पाणी बाहेर नाल्यात सोडतात.

दुसरी वाट भिंतींची. कामठी आणि बाराकर वालुकाश्मातून झिरपून येणारं पाणी बारा महिने चालू असतं. पंप ते सतत उपसतात, त्यामुळे खाणीभोवतीची भूजलपातळी नरसाळ्याच्या आकारात खाली जाते. खाणीपाशी सर्वांत खोल आणि दूर जावं तसतशी वर. तुमची विहीर या नरसाळ्याच्या आत आहे की बाहेर, यावर तिचं नशीब ठरतं.

वर्धा खोऱ्यात यात एक गुंतागुंत आहे. इथे कोळसा १८७० च्या दशकापासून निघतो आहे. सुरुवातीच्या खाणी भूमिगत होत्या. त्यांच्या जुन्या गॅलऱ्या पाण्याने भरून पडलेल्या आहेत आणि काही खुल्या खाणी त्यांना लागूनच आहेत. जुन्या खाणीचं पाणी नव्या खड्ड्यात येऊ शकतं. जमीनही खचू शकते. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्गुसमध्ये जुन्या भूमिगत खाणीवरचं एक घर अख्खंच जमिनीत गेलं, ते आठवत असेल. खाण बंद झाली म्हणजे तिचं काम संपत नाही, हे त्या दिवशी सगळ्या राज्याने पाहिलं.

मातीचे डोंगर

आता खड्ड्याच्या शेजारचे डोंगर. खाणीच्या भाषेत ओबी, म्हणजे ओव्हरबर्डन : कोळशावरचा काढून टाकलेला खडक आणि माती.

लोक विचारतात, एवढे डोंगर आहेत तर ते परत खड्ड्यात का भरत नाहीत? चांगला प्रश्न आहे. समजा खाण १०० मीटर खोल आहे, त्यातला २० मीटर कोळसा आणि ८० मीटर खडक. खडक फोडला की तो फुगतो. तुकड्यांमध्ये पोकळ्या राहतात. चांगला बसल्यावरही दहा-पंधरा टक्के जास्त जागा घेतो. म्हणजे ८० मीटरचे जवळजवळ ९० मीटर झाले. थोडक्यात, भरायला माल कमी पडत नाही, तो चुकीच्या जागी पडलेला असतो. सुरुवातीच्या कापणीचा माल टाकायला आत जागाच नसते, म्हणून तो बाहेर जातो. पुढे खाण सरकते तसा मागच्या रिकाम्या जागेत भराव होतो. शेवटच्या कापणीचा खड्डा तेवढा उघडा राहतो. बाहेरचा डोंगर पुन्हा उचलून त्यात टाकायचा म्हटलं, तर त्याच मालाचा वाहतूक खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो. तो खर्च खाण सुरू होतानाच धरलेला नसेल, तर नंतर कोणी करत नाही.

या डोंगरांखाली अनेकदा आपली काळी माती असते. तिचा स्वभाव शेतकऱ्याला ठाऊक आहे : उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून लोण्यासारखी होते. अशा मातीवर साठ-सत्तर मीटरचा ढीग रचला आणि पायथ्याशी पाणी साठलं, की ढीग घसरायला निमित्त लागत नाही. म्हणून ढीग रचण्याआधी काळी माती काढून वेगळी ठेवायची आणि पायथ्याला पाणी निघून जाईल अशी चर काढायची, हा नियम आहे. मातीही वाचते आणि ढीगही उभा राहतो.

नदीकाठचे ढीग हा आणखी वेगळा विषय. वर्धा आणि इरई या पूर येणाऱ्या नद्या आहेत. पुराला पसरायला जागा लागते. ती जागा ढिगाने घेतली, तर पाणी समोरच्या काठावर जातं. शिवाय ढिगाची माती वाहून पात्रात बसते ती वेगळीच.

झाडं लावली, म्हणजे झालं का?

झाडं हवीतच, ती धूळ आणि धूप थांबवतात. ओबीच्या ढिगावर झाड जगवणं सोपं नसतं. तिथे सेंद्रिय पदार्थ नाही, नत्र नाही, जिवाणू नाहीत. नागपूरच्या नीरी संस्थेने गुमगावच्या मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यावर यासाठी चांगलं काम केलं. साखर कारखान्याची मळी, मुळांना मदत करणारी बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू घालून उजाड ढिगावर त्यांनी झाडी उभी केली. पद्धत माहीत आहे, जवळच सिद्ध झालेली आहे.

पण पुष्कळ ढिगांवर हिरवं दिसतं ते सुबाभूळ आणि वेडी बाभूळ. उपग्रहाच्या चित्रात हिरवा ठिपका येतो, अहवालात हेक्टर वाढतात. प्रत्यक्षात तिथे ना चारा, ना शेती. झुडपी आडोसा मात्र तयार होतो. ताडोबा इथून किती जवळ आहे! दुर्गापूरच्या परिसरात वाघ आणि बिबटे वस्तीच्या इतके जवळ का राहतात, याच्या कारणांत हा आडोसाही आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० ला सांगितलं, की खाणीची जमीन पुन्हा गवताळ करा, म्हणजे ती चाऱ्याच्या, वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या उपयोगाची झाली पाहिजे. 'चारा' हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या गावची गायरान जमीन गेली असेल, तर परत काय मिळालं हे गुरंच सांगतील.

पंप बंद होतो तो दिवस

आता मुख्य मुद्दा. खाण बंद झाली, पंप थांबले. नरसाळं हळूहळू भरायला लागतं. काही वर्षं, कधी काही दशकं लागतात. लोक आनंदाने म्हणतात, बरं झालं, तलाव झाला.

आपल्या भागाला तलाव नवे नाहीत. इथले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, शेकडो वर्षांचे आहेत. त्यांची रचना बघा : उथळ, वरच्या अंगाला पाणलोट, खालच्या अंगाला पाळ, जादा पाणी जायला सांडवा. गुरं उतरून पाणी पितात. पाणी दरवर्षी बदलतं, ताजं होतं.

खाणीच्या खड्ड्यात यातलं काहीच नसतं. खोली शंभर मीटर, काठ उभा, आणि कडेने बंधारा घातलेला, म्हणजे बाहेरचं पाणी आतच येत नाही. आता हिशोब करा. आकाशातून वर्षाला १.२ मीटर पाणी पडतं. विदर्भाच्या उन्हात उघड्या पाण्यातून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जातं. वरची तूट कुठून भरते? आजूबाजूच्या भूजलातून. म्हणजे डोळ्यांना भरलेला दिसणारा तलाव दरवर्षी शेजारच्या विहिरींचं पाणी पीत राहतो. पंप बंद झाला, पण सूर्य उपसा करतोच आहे.

आणि वाफ होताना फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. उदाहरणादाखल धरा : एक चौरस किलोमीटरच्या तलावात दरवर्षी अर्धा मीटर भूजल आलं आणि त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार आहेत. वर्षाला ५०० टन क्षार तलावात जमा! वीस वर्षांत दहा हजार टन. पाणी दरवर्षी थोडं जास्त जड होत जातं.

यावर उपाय आहे, आणि तो खाण चालू असतानाच आखावा लागतो. तलावाचं क्षेत्र लहान ठेवायचं, म्हणजे जास्तीत जास्त भराव करायचा. पावसाळ्यात एखादा नाला गाळ बसवून आत वळवायचा आणि जादा पाण्याला सांडवा काढायचा. मग पाणी बदलत राहतं. काठ पायऱ्यापायऱ्यांनी सपाट करायचे, म्हणजे ढासळत नाहीत आणि पाण्यात पडलेलं माणूस किंवा जनावर बाहेर येऊ शकतं.

जर्मनीचं उदाहरण

हे सगळं मी अंदाजाने सांगत नाही. पूर्व जर्मनीत लाउझित्स म्हणून भाग आहे. तिथे तपकिरी कोळशाच्या प्रचंड खुल्या खाणी होत्या. १९९० च्या एकीकरणानंतर त्यातल्या बहुतेक थोड्या वर्षांत बंद झाल्या. पंप थांबले आणि पाणी वर यायला लागलं.

मग तीन गोष्टी झाल्या. एक, पाणी आंबट झालं. तिथल्या वाळूत आणि कोळशात पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, भरपूर आहे. हवा आणि पाणी लागलं की त्यापासून गंधकाम्ल तयार होतं. काही तलावांचं पाणी लिंबाच्या रसाच्या जवळपास आंबट झालं. आजही तिथे बोटीतून चुना टाकत फिरावं लागतं. दोन, विरघळलेलं लोह स्प्री नदीत उतरलं आणि नदी गंजासारखी तपकिरी झाली. हीच नदी पुढे बर्लिनला जाते. तीन, जुना वाळूचा भराव खालून भिजला की अचानक पाण्यासारखा वाहू लागतो. लाउझित्सच्या बाहेर, नाख्टरश्टेट गावी १८ जुलै २००९ ला जुन्या खाणीचा काठ घरांसकट तलावात गेला आणि तीन माणसं दगावली. ती खाण बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

या सगळ्या दुरुस्तीसाठी तिथे वेगळी सरकारी कंपनी आहे आणि आतापर्यंत एक हजार कोटी युरोपेक्षा जास्त खर्च झाला आहे. तोही बहुतेक करदात्यांच्या पैशातून.

आपल्याकडे आंबटपणाचा धोका तुलनेने कमी आहे. गोंडवाना कोळशात गंधक कमी असतं आणि आपल्या मातीत, खडकात चुन्याचा अंश बराच असतो, तो आम्ल मारतो. म्हणून इथलं खाणीचं पाणी बहुधा आंबट नसून जड असतं, त्यात सल्फेट जास्त असतं. पण कुठे कुठे पायराइटचे पट्टे निघतात, म्हणून 'बहुधा' यावर विसंबायचं नाही, तपासायचं. मेघालयातला कोळसा जास्त गंधकाचा. तिथली लुखा नदी हिवाळ्यात निळी होते, हे फोटो तुम्ही पाहिले असतील.

पैसे कोणाचे?

कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये नियम केला, की प्रत्येक खाणीला बंद करण्याची योजना हवी आणि त्यासाठी आधीपासून वेगळ्या खात्यात पैसे ठेवायचे. खुल्या खाणीसाठी तेव्हाचा दर हेक्टरी सहा लाख रुपये होता, २०२० मध्ये तो नऊ लाख केला. ५०० हेक्टरची खाण असेल तर ४५ कोटी. रक्कम मोठी वाटते. पण त्यात कुंपण, सपाटीकरण, माती, झाडं, पाण्याची तपासणी हे सगळं बसवायचं आहे. शिवाय योजनेतली देखरेख काही वर्षांची असते आणि भूजल वर यायला दशकं लागतात. या दोन काळांमधली जी पोकळी आहे, ती सध्या गावाच्या वाट्याला येते.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : सर, खड्ड्यातलं पाणी आम्ही पिऊ शकतो का?*

शुद्ध करून, हो. विदर्भात खाणीतलं पाणी शेतीला आणि वीज केंद्राला दिलेलंही आहे. पण थेट नको. आणि पाण्याचा नमुना वरच्या थराचा घेऊन चालत नाही. इतक्या खोल तलावात वरचं आणि खालचं पाणी वेगळं असतं, तळाशी प्राणवायूही नसू शकतो. उन्हाळ्यात, वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने घ्या.

*प्रश्न : वीज केंद्राची राख खड्ड्यात भरली तर दोन्ही प्रश्न सुटतील, असं म्हणतात.*

राख कुठे बसणार ते पाहिलं पाहिजे. ती भूजलपातळीच्या खाली गेली तर कायम भिजलेली राहणार आणि तिच्यातले धातू, बोरॉन वगैरे पाण्यात उतरू शकतात. आणि समोर कामठी वालुकाश्म आहे, म्हणजे तुमची टाकी. कोरड्या भागात, खाली-वर मातीचा थर देऊन आणि शेजारी निरीक्षण विहिरी ठेवून भरणं वेगळं. रिकामा खड्डा दिसला म्हणून ओतणं वेगळं.

*प्रश्न : आमच्या गावाशेजारची खाण सात-आठ वर्षांत संपणार आहे. ग्रामपंचायतीने आता काय करावं, दादा?*

आत्ताच विचारताय हे फार चांगलं. तीन कामं करा. पहिलं, बंद करण्याच्या योजनेची आणि पर्यावरण मंजुरीच्या सहामाही अहवालांची प्रत मागा. शेवटचा खड्डा कुठे, किती मोठा, सांडवा कुठे, हे नकाशावर पाहा. दुसरं, गावातल्या दहा विहिरींची पाणीपातळी मे आणि ऑक्टोबरमध्ये दोरी टाकून मोजा आणि वहीत लिहा, वर्षातून एकदा पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात त्यांच्या निरीक्षण विहिरींचे आकडे असतात, तेही जोडा. पुढे भांडायची वेळ आली, तर ही वही तुमचा पुरावा. तिसरं, यंत्रं हलायच्या आधी काठ उतरते करून घ्या. डंपर आणि डोझर जागेवर आहेत तोवर ते काम काही महिन्यांचं असतं. ती गेल्यावर टेंडर काढावं लागतं, आणि मग वाट पाहावी लागते.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. बाकीचे प्रश्न बाहेर चहा घेताना घेऊ.